मांजराचं पिल्लू आणायचंय आणि नोकरी दिवसभराची: थोडं थांब, आणि एक नको, दोन आण

बेळगावच्या अनगोळहून एका मुलीचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालीय म्हणून नाव देत नाही, आणि पत्र चांगलं चार पानी आहे, त्यातलं कामापुरतं इथे देते.

"अक्का, मी उद्यमबागेत एका कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट्सला आहे. सकाळी नऊला जाते, घरी यायला साडेसहा होतात, मार्चएंडला तर आठ पण वाजतात. सुट्टी फक्त रविवारी. गाव खानापूरकडे, इथे वरच्या मजल्यावर भाड्याने एकटीच राहते. खाली ओनर आज्जी, त्या लिंगायत आहेत, घरात अंडंसुद्धा चालत नाही. गल्लीच्या टोकाला एका काकूंकडे भाटी, म्हणजे मांजरी, व्यालीय, चार पिल्लं आहेत, पाच आठवडे झालेत. काकू म्हणतात, 'घेऊन जा की या रविवारी, मोठी झालीत, दूधभात खाऊलालीत आता.' मला त्यातलं पांढरं-पिवळं फार आवडलंय. मी कधीच मांजर पाळलेलं नाही. आई म्हणते, दिवसभर कुलूप लावून मुकं जनावर कोंडणार, पाप लागेल. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, मांजराला माणूस लागतच नाही, वाटीभर दूध ठेव आणि जा. कोणाचं ऐकू?"

अगं, दोघींचंही अर्धं अर्धं ऐक. आईचं खरं इतकंच की एवढंसं पिल्लू एकटं नऊ-दहा तास राहणं बरं नाही. मैत्रिणीचं खरं इतकंच की मांजर दिवसातला बराच वेळ झोपतं, लहान पिल्लू तर सोळा सोळा, अठरा अठरा तास झोपतं, आणि त्याची खरी धावपळ पहाटे आणि दिवेलागणीला असते, म्हणजे नेमकी तू घरी असतेस तेव्हाच. त्यामुळे नोकरी करणाऱ्या बाईने मांजर पाळू नये असं मी मुळीच म्हणणार नाही, मी स्वतः पतसंस्थेत काम करत पाळलीत, वीस वर्षं झाली. पण तू विचारलंयस "आणू की नको", आणि माझ्या मते खरा प्रश्न "कधी आणू आणि किती आणू" हा आहे. या रविवारी आणू नकोस. आणि आणशील तेव्हा एक आणू नकोस, दोन आण.

आधी हे या रविवारचं बघू. पाच आठवड्यांचं पिल्लू दूधभात चाटतं म्हणून ते मोठं झालं असं होत नाही. ते अजून आईच्या अंगावर पितं, आणि प्यायला मिळालं नाही तरी आईजवळ शिकत असतं, आपलं आपण अंग चाटायचं कसं, हगल्यावर माती ओढायची कशी, आणि मुख्य म्हणजे चावायचं किती. भावंडाला जोरात चावलं की ते किंचाळतं आणि खेळ बंद करतं, आईला चावलं की ती पंजा ठेवून देते, असं रोज पन्नास वेळा होतं तेव्हा कुठे पिल्लाला कळतं की दात हळू लावायचे असतात. हे शिकण्याआधी उचलून आणलेलं पिल्लू पुढे तुझे हात-पाय फोडून काढतं आणि लोक म्हणतात मांजरच खुनशी निघालं. आठ आठवडे ही अगदी कमीतकमी मर्यादा, दहा ते बारा झाले तर उत्तम, आणि तुझ्यासारखी दिवसभर बाहेर असणारी असेल तर मी दहाच्या खाली हो म्हणणार नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझं पहिलं पिल्लू मी असंच आणलं होतं, वडगावच्या घरी, ऐन जुलैत, पाच आठवड्यांचंच असेल, तळहातावर मावायचं. सकाळी वाटीभर गाईचं दूध ठेवून ऑफिसला गेले, संध्याकाळी आले तर वाटी रिकामी, मी खूश, आणि कोपऱ्यात बघते तर पातळ पिवळी जुलाब पसरलेली आणि पिल्लू त्यातच बसलेलं, थंडगार. गाईच्या दुधातली साखर बऱ्याच मांजरांना पचत नाही, एवढ्या लहानग्याला जुलाब लागले की अंगातलं पाणी काही तासांत संपतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर ती तशीच तंबूसारखी उभी राहायची. रात्रभर कपड्यात गुंडाळून छातीशी धरून बसले, सकाळी जनावरांचा दवाखाना उघडेपर्यंत ते राहिलं नाही. त्याचं नाव ठेवायचं पण राहून गेलं होतं. तुला घाबरवायला लिहीत नाहीये, तू दूध ठेवून जाऊ नयेस म्हणून लिहितेय.

तर मग हे चार-पाच आठवडे काय करायचं? हातावर हात ठेवून बसायचं नाही, याच दिवसांत अर्धं काम होतं. पिल्लाचं दोन ते सात आठवड्यांचं वय हे माणसाची सवय लागायचं वय असतं, त्या वयात जे हात, जे आवाज, जे वास रोज भेटतात ते त्याला आयुष्यभर आपले वाटतात. तुझ्याकडे त्यातले शेवटचे दोन आठवडे उरलेत आणि पिल्लं गल्लीच्या टोकालाच आहेत. ऑफिसातून आलीस की रोज अर्धा तास काकूंकडे जाऊन बस. जमिनीवर बस, उचलायची घाई करू नकोस, येऊ देत अंगावर. मग हळूहळू पंजे दाबून बघ, कानात बघ, तोंड उघडून बघ, म्हणजे पुढे डॉक्टरकडे नेल्यावर जीव जाणार नाही त्यांचा. तुझी एखादी जुनी ओढणी त्यांच्या खोक्यात टाकून ठेव आणि घरी आणायच्या दिवशी तीच ओढणी बरोबर आण, तिला आईचा पण वास असतो आणि तुझा पण. काकू म्हणतील, "भाटी आता पिल्लं हलवूलालीय", तर सात घरं फिरवणं ही तिची रीत आहे, तिच्या मागे फार लागू नका, नाहीतर ती अशा जागी नेऊन ठेवेल की कुणालाच सापडणार नाहीत.

काकूंना एक विनंती कर, जरा गोड बोलून कर, आणि पैसे तू दे. पिल्लांना जंताचं औषध द्यायला हवं, या वयात दर पंधरा दिवसांनी देतात, डोस वजनावर असतो म्हणून अंदाजाने देऊ नका. आठ आठवडे झाले की पहिली तीन-रोगांची लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस सोळा आठवड्यांपर्यंत, आणि बारा आठवड्यांनंतर रेबीजची. त्या तीन रोगांतला पॅनल्युकोपेनिया हा पिल्लांचा काळ आहे, उलट्या-जुलाब सुरू झाले की दोन-तीन दिवसांत खेळ संपतो, आणि त्याचा विषाणू घरात वर्षभर सुद्धा टिकतो, तुझ्या चपलेला लागून पण घरात येतो. म्हणून "माझं तर घरातच असतं, लस कशाला" हे मनातही आणू नकोस. आणि जमलं तर पिल्लांचं दूध सुटल्यावर त्या भाटीचं ऑपरेशन पण करून घ्यायला काकूंना सांग, नाहीतर दिवाळीपर्यंत परत चार पिल्लं आणि परत हाच प्रश्न.

आता दोन का ते सांगते, कारण हे वाचून तू म्हणणार एकाचंच जमतंय का बघायचंय आणि अक्का दोन सांगतेय. एकटं पिल्लू नऊ तास कुलपाआड असलं की त्याला खेळायला काही नसतं, जागं झालं की ते पडद्यावर चढतं, वायर चावतं, ओरडतं, आणि तू दमून घरी आलीस की साठलेलं सगळं तुझ्या पायांवर काढतं. दोन असली की ती एकमेकांना दमवतात, एकमेकांना चाटतात, एकमेकांना चावायचं किती ते शिकवतात, एकमेकांच्या अंगावर झोपतात, आपल्याकडच्या पावसात तर ते फार बरं. तुला खर्च वाढेल, खाणं आणि लस दुप्पट, ते खरंच आहे. पण कष्ट दुप्पट होत नाहीत, उलट कमी होतात. एकाच बाळंतपणाची दोन आण, पांढरं-पिवळं आणि त्याच्याशी जे जास्त खेळतं ते, हे तुला रोज तिथे बसलीस की आपोआप दिसेल. आणि दोघांचा खर्च झेपतच नसेल, तर पिल्लू नको, मोठं मांजर आण, दोन-तीन वर्षांचं, कोणीतरी बदली होऊन चाललेलं असतं आणि मांजर ठेवायला घर शोधत असतं. मोठ्या मांजराला नऊ तास एकटं राहायचं काही वाटत नाही, आणि स्वभाव आधीच कळलेला असतो. लोक म्हणतात मोठ्या मांजराला लळा लागत नाही, ते घराला धरून असतं माणसाला नाही. मी दोन मोठी आणली, दोन्ही पंधरा दिवसांत उशाला झोपायला लागली.

ओनर आज्जींचं. हे लपवून करू नकोस, अगदी कळकळीने सांगते. मांजर लपत नाही, वास लपत नाही, आणि लपवलेलं कळलं की आधी विश्वास जातो आणि मग घर जातं, मग रात्रीतून त्या दोन जीवांना कुठे नेणार? आधी खाली जाऊन बस त्यांच्याजवळ, बेक्कु (कन्नडमध्ये मांजर) आणायचं म्हणतेय म्हणावं, आणि खाण्याचं पण खरं सांग. कारण एक गोष्ट पक्की आहे, मांजराला शाकाहारी करता येत नाही. त्याला टॉरिन नावाचा एक घटक लागतो, तो मांस-मासळीत असतो, भातात-डाळीत-भाजीत नसतो, आणि मांजराचं शरीर तो पुरेसा बनवत नाही. कमी पडत गेला की काही महिन्यांनी डोळ्याच्या आतला पडदा खराब होऊन दिसेनासं होतं आणि हृदय सैल पडत जातं. १९८७ मध्ये अमेरिकेत हे हृदयाचं संशोधन आलं तेव्हा कुठे कंपन्यांनी मांजराच्या खाण्यात टॉरिन वाढवलं. म्हणून दूधभात नाही, दहीभात नाही, कुत्र्याची बिस्किटं पण नाहीत, त्यात मांजरापुरतं टॉरिन नसतं.

पण म्हणून तुला आज्जींच्या डोक्यावर मासळी शिजवायची गरज नाही. पाकिटातलं कोरडं किटन फूड, म्हणजे पिल्लांचं तयार खाणं, पूर्ण आहार असतो, शिजवायचं नाही, वाफ नाही, फोडणी नाही. आज्जींना म्हण, घरात काही शिजवणार नाही, पाकीट डब्यात बंद राहील, त्याची भांडी वेगळी, धुणार मी माझ्या मोरीत, तुमच्या अंगणातल्या नळावर नाही. माझ्या ओळखीत अशा दोन घरांत हे मान्य झालंय, कारण विचारलं होतं. आणि नाही म्हणाल्या तर वाद घालू नकोस, या घरात नको, पुढच्या घरात बघू, पण चोरून नको.

खाणं कसं ठेवायचं ते आता. तीन-चार महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा लागतं, पोट लिंबाएवढं असतं त्यांचं. उठल्या उठल्या एकदा, निघताना एकदा, आल्यावर एकदा, झोपताना एकदा, झाली चार. दिवसासाठी कोरडं वाटीत थोडं जास्त ठेवून जा, दोघांच्या दोन वाट्या लांब लांब ठेव, आणि पाण्याची भांडी दोन ठिकाणी, खाण्यापासून जरा दूर. आपल्याकडे मुंग्या म्हणजे काय सांगायचं, वाटी ठेवून वळलीस की रांग लागते. ताटलीत बोटभर पाणी घालून मधोमध वाटी ठेव, मुंगी पलीकडे जात नाही. पावसाळ्यात कोरडं खाणं लवकर सादळतं, नरम पडलं की पिल्लं तोंड लावत नाहीत, म्हणून संपेल तेवढंच काढ आणि उरलेलं संध्याकाळी टाकून दे, परत डब्यात ओतू नकोस. त्या आपोआप खाणं वाढणाऱ्या ऑटोमॅटिक फीडरच्या मागे लागायची असशील तर सेल घालता येणाराच घे, लाईट कधी जाते कधी येते ते तुला माहीतच आहे. गावाला गेलीस आणि आईने चिकन केलं तर नुसतं पाण्यात उकडलेले दोन तुकडे त्यांच्यासाठी बाजूला काढ, मीठ-मसाला-कांदा-लसूण लागायच्या आधी. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्ताला विष आहे, रस्सा लावलेला भात पण नको.

किराणा दुकानासारखा छोटा डिजिटल काटा घे, दर रविवारी दोघांना पातेल्यात बसवून वजन कर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिही. या वयात आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढायला हवं. वाढ थांबली, किंवा कमी झालं, की बाकी सगळं ठीक दिसत असलं तरी डॉक्टरकडे जा. अकाउंट्सवाली आहेस, आकडे ठेवणं तुला जड जाणार नाही, आणि हा एवढा एक आकडा तुला दोन दिवस आधी सांगतो की काहीतरी बिघडलंय.

हगण्या-मुतण्याचं लोक उगाच बाऊ करतात. पसरट ट्रे, पिल्लाला सहज चढता येईल असा बुटका, दोघांना दोन-तीन ट्रे, खाण्यापासून लांब. पहिले एक-दोन महिने ते पाण्याने गोळा होणारं लिटर (ट्रेत घालायची विकतची माती) नको, पिल्लं ते खाऊन बघतात आणि पोटात गोळा होतो. साधी वाळू, चाळून वाळवलेली, किंवा लाकडाच्या दाण्यांचं लिटर चालतं. सकाळ-संध्याकाळ उपसायचं, बस्स. बाहेर कुठे केलं तर नाक घासायचं नाही, मारायचं नाही, ते त्याला काही कळत नाही, फक्त तुझी भीती बसते. उचलून ट्रेत ठेव, जेवण झाल्यावर आणि झोपून उठल्यावर.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. दिवसभर ती एकटी आणि घर तुझं, तर घर आधी त्यांच्या उंचीने बघ, गुडघ्यावर बसून बघ. पहिले तीन-चार आठवडे सगळं घर मोकळं सोडू नकोस, एक खोली त्यांची, त्यात खाणं, पाणी, ट्रे, खोकं, आणि दार बंद. खिडकीला जाळी लाव, मच्छरची नाही, ती पंजाने फाटते, तारेची. वरचा मजला आहे तुझा, मांजर पडलं तरी पायावरच पडतं असं म्हणतात, पण जबडा फुटतो, पाय मोडतात, मी बघितलंय.

आणि दोरा. आम्ही वडगावातले, खाली माग होते, घरात सुताचे तुकडे कायम. सोनी म्हणून एक पिल्लू होतं, चार महिन्यांचं, दोन दिवस खाईना, ओकायची, आणि सारखी जीभ तोंडात फिरवायची. पतीने धरली, मी जबडा उघडून जीभ वर केली तर खाली, जिभेच्या अगदी मुळाशी, लाल सुताचा एक फेरा घट्ट रुतलेला, कातडीत गेलेला, आणि त्याचं दुसरं टोक घशातून आत. माझा हात गेलाच ओढायला, बरं की नवऱ्याने हात धरला. एक टोक जिभेला अडकलेलं, दुसरं आतड्यात, ओढलं की ते आतडं करवतीसारखं कापतं. डॉक्टरांनी पोट उघडून काढलं, हातभर सूत निघालं. सोनी जगली, नंतर अकरा वर्षं जगली. म्हणून तुला सांगते, शिवणाचा दोरा, मांजा, राखीचा गोंडा, लोकर, केसाचं रबर, गजऱ्याचा दोरा, हे सगळं बंद डब्यात. दोरीचं खेळणं खेळवायचं ते तू समोर असतानाच, झालं की कपाटात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, कापायचा नाही, थेट डॉक्टर.

विषं पटापट सांगते, लक्षात ठेव. फरशीला फिनाईल नको, ती पंजावर लागते आणि मांजर पंजे चाटतं, साबणाचं पाणी पुरे. कपड्यातल्या डांबर गोळ्या काढ. ताप आलाय म्हणून पॅरासिटामॉल कधीच नाही, पाव गोळी पण नाही, माणसाची एक ५०० ची गोळी मांजराला मारते, त्यांचं यकृत ती पचवूच शकत नाही. पिसवा झाल्या तर कुत्र्याचं औषध आणून मानेवर सोडू नकोस, त्यातलं परमेथ्रिन मांजराला आकडी आणतं. बारीक दातांच्या फणीने विंचर, फणी साबणाच्या पाण्यात बुडव, आणि पिल्लांचं वेगळं औषध डॉक्टरांकडून घे. बुकेतली लिलीची फुलं घरात नकोत, तिचे पराग चाटले तरी मूत्रपिंडं जातात.

डॉक्टर आत्ताच शोधून ठेव, पिल्लं यायच्या आधी. आपल्या भागातले बरेच डॉक्टर गाई-म्हशी बघतात, मांजराच्या पिल्लाला सलाईन लावायची सवय सगळ्यांना असते असं नाही, म्हणून फोन करून सरळ विचार, मांजरं बघता का, रविवारी असता का, नसलात तर कोणाकडे जायचं. तो नंबर फ्रिजवर लावून आज्जींना पण दाखव, तू ऑफिसात असताना त्याच घरी असतात. पिल्लू बारा तास काहीच खाईना, सारखं ओकतंय, पाण्यासारखे जुलाब, हिरड्या पांढऱ्या पडल्यात, यातलं एक जरी असलं तरी "उद्या बघू" नको, साहेबांना सांगून निघ. नेताना हातात किंवा पिशवीत नको, रिक्षात हॉर्न वाजला की उडी मारतात, झाकण लागणारी टोपली किंवा कॅरिअर घे. आणि तुला खोल ओरखडा किंवा चावा लागला तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धू आणि सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजचं इंजेक्शन विचार, पिल्लू घरचं आहे म्हणून सोडू नकोस.

पाच महिने पुरे व्हायच्या आत दोघांचंही ऑपरेशन, आधी डॉक्टरांना विचारून तारीख ठरव. भाटी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, दोन महिन्यांत, साधारण ६३ ते ६५ दिवसांत, पिल्लं देते, आणि भाऊ-बहीण हे त्यांना कळत नाही. याचे पैसे आत्तापासून दर महिन्याला थोडे बाजूला टाकत जा.

आणायचा दिवस. गणपतीत आणू नकोस. आपल्या बेळगावात त्या दहा दिवसांत फटाके काय, डॉल्बी काय, ढोल काय, आणि तू पण गावाला जाणार. नवीन घर, आई नाही आणि वरून तो आवाज, पिल्लं कपाटामागे जाऊन बसली की खायला पण बाहेर येणार नाहीत. विसर्जन होऊ दे, तोपर्यंत ती दहा-अकरा आठवड्यांची होतात, पहिली लस झालेली असते. शनिवारी संध्याकाळी आण, रविवार मिळतो, सोमवार-मंगळवार रजा टाक. रजा टाकताना खरं कारण सांगायला लाजू नकोस. बुधवारपासून तीन-चार दिवस जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन जा, उद्यमबाग ते अनगोळ असं कितीसं आहे, स्कूटीवर येतेस आणि जातेस. नंतर नाही आलीस तरी चालतं.

रोजचं गणित असं बसतं. संध्याकाळी आलीस की आधी बॅग ठेव आणि दहा-पंधरा मिनिटं त्यांच्याशी खेळ, काडीला कापड बांधून पळव, दमेपर्यंत, मग खायला घाल. रात्री झोपायच्या आधी परत तसंच, खेळ आणि मग खाणं. शिकार, मग जेवण, मग चाटून झोप हा त्यांचा क्रम आहे, तो पाळलास तर पहाटे चारला छातीवर नाचायला येणार नाहीत, निदान कमी येतील. हाताने कुस्ती खेळू नकोस कितीही गोड वाटलं तरी, सहा महिन्यांनी तेच दात मोठे झालेले असतात.

पहिल्या रात्री ओरडतील. आई शोधतात. तू दिवा बारीक करून त्याच खोलीत सतरंजी टाकून झोप, उचलून घेऊ नकोस, बोलत राहा फक्त. ओढणी खोक्यात ठेवलेली असू दे. दोघं असली की अर्ध्या-एक तासात गप्प होतात, एकमेकांत डोकं खुपसून. सकाळी बघशील तर एक खोक्यात आणि एक तुझ्या पायाशी असेल, कोणतं ते मला लिहून कळव.